लंडन, अठरा नंबरच्या बसने

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



दूध आटेपर्यंत मला वेळ दिलेला आहे. सेक्रेटरी म्हणाले, "काका, लंडनबद्दल बोला. पण राजवाडा, तो मोठा पाळणा आणि मादाम तुसाँचे पुतळे नकोत, ते सगळ्यांनी फोनवर बघितलंय." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यामुळे मी जे बघितलं तेवढंच सांगतो, आणि ते का बघितलं तेही सांगतो. कारण आपल्या तिन्ही विंगमधली बरीच मुलं आज बाहेर आहेत आणि त्यांचे आईवडील आज ना उद्या सहा महिन्यांच्या व्हिसावर निघणार आहेत. काही जण जाऊन आलेतही. जाऊन आल्यावर विचारलं, काय बघितलं, तर सांगतात, "छान आहे हो, पण थंडी फार." म्हणजे घरात बसले होते.

मी २०२३ च्या मे महिन्यात गेलो. तुमच्या काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. लेक वेंब्लीला असते. ती आणि जावईबापू सकाळी आठला घर सोडणार, नात शाळेत, संध्याकाळी सहाला सगळे परत. मधले दहा तास मी, फ्रीज आणि खिडकी. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, एकटे बाहेर जाऊ नका. शनिवारी आपण सगळे जाऊ." तिचंही चुकीचं नव्हतं. वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, आणि माझं इंग्रजी म्हणजे ड्रॉइंग वाचण्यापुरतं. औंधच्या आयटीआयमधून टर्नर झालो, चौतीस वर्षं चिंचवडला एका कंपनीत काढली, निम्मी टूलरूममध्ये आणि निम्मी इन्स्पेक्शनला. तिथे बोलायचं काम मायक्रोमीटर करतो.

दुसरं एक होतं, ते घरातलंच आहे, पण तुम्ही घरचेच आहात म्हणून सांगतो. मुलगा बंगळूरला. दोघा भावंडांचं आपसात ठरलेलं होतं की बाबांनी आता सांगवीचा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि बंगळूरला राहायला जावं. मला थेट कुणी म्हणत नव्हतं. पण फोनवर "एकटे किती दिवस काढणार" हे वाक्य आलं की मला कळायचं गाडी कुठल्या स्टेशनला निघालीये. तेव्हा लंडनला मी घराबाहेर एकटा पडू शकतो की नाही, हा प्रश्न लंडनपुरता नव्हता.

निघताना ए विंगमधल्या वहिनींनी आपल्या वाचनालयातलं मीना प्रभूंचं 'माझं लंडन' हातात दिलं होतं. मीनाताई आपल्या पुण्याच्या, पेशाने डॉक्टर, लंडनला राहिल्या आणि पुढे मेक्सिको, चीन, तुर्कस्तान, इराण, इजिप्त असे देश पालथे घालून त्यावर पुस्तकं लिहिली. पुष्कळदा एकटीने फिरल्या. मार्च २०२५ मध्ये त्या गेल्या. ते पुस्तक मी त्या खिडकीत बसून वाचलं आणि वाटलं, पुस्तकात लंडन वाचायचं तर ते सांगवीतही वाचता आलं असतं. तिकिटाचे पैसे कशाला घातले?

मग मी बसपासून सुरुवात केली. लेकीच्या घराखालून १८ नंबरची बस जाते. सडबरीहून सुटते, वेंब्लीतून यूस्टन स्टेशनला जाते. दुमजली. भाडं तेव्हा एक पौंड पंच्याहत्तर पेन्स, म्हणजे आपले साधारण एकशे ऐंशी रुपये. ऐकायला जास्त वाटतं, पण एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे नाहीत. कंडक्टर नाही, रोख पैसे चालत नाहीत, २०१४ पासूनच बंद केलेत. त्यामुळे सुट्ट्या पैशांवरून भांडण हा प्रकारच नाही, जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढचा स्टॉप कुठला ते बस स्वतःच बोलून सांगते, वर पाटीवर अक्षरंही येतात. म्हणजे ज्याला विचारायची लाज वाटते त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही.

आपल्याकडे शॉपवर नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला मशीनला हात लावू देत नाहीत, नुसतं उभं राहून बघ म्हणतात. मी स्वतःला तेच लावलं. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसलो, यूस्टनला उतरलो, बाकावर बसून दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली आणि त्याच नंबरच्या बसने परत आलो. कुठे गेलो नाही, काही बघितलं नाही. पण सवा तास जायला आणि सवा तास यायला. वेंब्लीची गुजराती दुकानं, मग हार्लेस्डेनला वेस्ट इंडीजची माणसं, पुढे केन्सल ग्रीनची जुनी दफनभूमी, मग कालव्याचा भाग, पॅडिंग्टन, बेकर स्ट्रीट. एका तिकिटात किती जातीची माणसं चढली-उतरली! हे टूरवाल्यांच्या बसमधून दिसत नाही, कारण तिथे आत बसलेले सगळे आपलेच असतात.

चौथ्या दिवशी भुयारी रेल्वे. जगातली पहिली, १० जानेवारी १८६३ ला सुरू झालेली. तिचा नकाशा बघून मला फार बरं वाटलं, कारण ते ड्रॉइंग आहे. हॅरी बेक नावाच्या माणसाने काढलं. तो विजेच्या सर्किटची ड्रॉइंग काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने ठरवलं की जमिनीखालच्या प्रवाशाला वरचे रस्ते कसे वळतात याच्याशी काय देणंघेणं? त्याला फक्त कुठे चढायचं, कुठे बदलायचं हे हवं. सगळ्या रेषा सरळ, आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांत. साहेब लोकांनी १९३१ ला तो नकाशा नाकारला, १९३३ ला छापला, आणि आज आपल्या पुणे मेट्रोच्या डब्यात दाराच्या वर जी रंगीत पट्टी असते ती त्याच वाटेने आलेली आहे. पिंपरी ते स्वारगेट ज्याला समजतं त्याला लंडन समजतं. आकार मोठा आहे, रीत तीच.

वेंब्लीहून बेकरलू नावाची तपकिरी लाइन थेट चेरिंग क्रॉसला जाते. वर आलं की ट्रफाल्गर चौक. तिथे सगळे जण नेल्सनचा खांब आणि सिंहांचे फोटो काढतात. मी दुसरंच शोधत गेलो होतो. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या इन्स्पेक्शनच्या साहेबांनी सांगितलं होतं की लंडनमध्ये एका चौकात इंच, फूट आणि यार्ड भिंतीत बसवलेले आहेत, कुणीही जाऊन आपली पट्टी लावून बघावी. मला तेव्हा ती थाप वाटली होती.

ती थाप नव्हती. चौकाच्या उत्तरेकडे पायऱ्या आहेत, तिथे धातूच्या पट्ट्या दगडात बसवलेल्या आहेत. १८७६ साली सरकारने बसवल्या. एक इंच, एक फूट, दोन फूट, एक यार्ड, आणि जमीनमोजणीची मापंही. वर लिहिलंय की ही मापं ६२ अंश फॅरनहाइटला खरी आहेत.

मंडळी, हे वाचून मी तिथे उभाच राहिलो. तुमच्यापैकी ज्यांनी स्टँडर्ड रूममध्ये काम केलंय त्यांना सांगायला नको. धातू तापला की वाढतो. म्हणून माप सांगताना तापमान सांगावं लागतं. आपण २० अंश सेल्सिअसला मोजतो, ती खोली चोवीस तास तेवढ्यावरच ठेवतो. बासष्ट फॅरनहाइट म्हणजे पावणेसतरा सेल्सिअसच्या आसपास. पितळेचं एक यार्ड धरलं तर या दोन्हींत पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे जेमतेम केसाची जाडी. आणि हे त्यांनी भाजी-कापड विकणाऱ्यांसाठी, सुतारांसाठी, भर चौकात लिहून ठेवलं होतं. कापडवाला चोरून मारत असेल तर गिऱ्हाइकाने पट्टी घ्यावी आणि चौकात यावं.

माझ्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते, अजूनही असते, आत्ताही आहे. ती मी काढली. पण इंचाच्या बरोबर शेजारी एक बाई सँडविच खात बसलेल्या. मी म्हटलं, "एक्स्क्यूज मी, यू आर सिटिंग ऑन यार्ड." त्यांना कळेना. मग मी बोटाने दाखवलं. त्या उठल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या की त्या जवळच कामाला आहेत आणि कित्येक वर्षं रोज दुपारी इथेच बसतात, पण हे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी समजावून सांगितलं. इंच, फूट, बासष्ट डिग्री, मेटल एक्सपान्शन. माझं इंग्रजी मोडकंच होतं, पण विषय माझा होता, आणि त्या दहा मिनिटांत मला एकदाही शब्द अडला नाही. शेवटी पट्टी लावून दाखवली. बरोबर बसली. त्या बाईंनी माझ्याच पट्टीचा फोटो काढला.

आमच्या वयाच्या लोकांनी इंचात शिकून मिलिमीटरमध्ये नोकरी केली. सरकारने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आणलं, तरी आमचे उस्ताद सुतातच बोलायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. "दोन सूत घे अजून," म्हणायचे. ते सूत जिथे इंचाला लावून बघता येतं त्या जागी मी उभा होतो. घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही दहा वेळा गेलोय तिथे. आम्हाला कसं दिसलं नाही?"

त्याच तपकिरी लाइनवर वॉरिक ॲव्हेन्यू नावाचं स्टेशन आहे. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की हाउली प्लेस नावाची शांत गल्ली. तिथल्या १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळक १९१८-१९१९ साली इथे राहिले म्हणून. व्हॅलेंटाइन चिरोलने त्यांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचा जनक म्हटलं होतं. त्याच्या पुस्तकावरचा दावा लढायला ते तिथे गेले. मंडाले होऊन गेलेलं, अंगात मधुमेह, वय बासष्ट. पुन्हा बासष्टच, बघा. दावा फेब्रुवारी १९१९ मध्ये हरले, तरी नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहून स्वराज्याचं काम करत राहिले. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून नमस्कार केला. एक गृहस्थ कुत्रा फिरवत होते, त्यांनी मान हलवून मलाच नमस्कार केला. असो.

दुसरं घर मात्र आत जाऊन बघता येतं. चॉक फार्म स्टेशनजवळ, किंग हेन्रीज रोडवर. तेही १० नंबरचंच. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली या घरात राहत होते. घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. चॉक फार्मला जाताना एक लक्षात ठेवा, ती काळी लाइन कॅम्डन टाउनला दोन फाट्यांत फुटते, तेव्हा गाडीवर 'एजवेअर' लिहिलेलं असेल तरच बसा.

बाबासाहेब पहिल्यांदा १९१६ ला लंडनला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धं टाकून त्यांना परत यावं लागलं. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० ला पुन्हा गेले. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लिहिला, १९२३ ला डी.एससी. मिळवली. शिवाय बॅरिस्टरीही. या घरापासून ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय साडेतीन-चार किलोमीटर आहे. मी ते अंतर मुद्दाम चाललो. मला तासाच्या वर लागला, मध्ये दोनदा बसलो. तिथे पोचलो तेव्हा पोटात भूक होती आणि पिशवीत डबा होता. डबा उघडायच्या आधी जरा वेळ तसाच बसलो. ज्याच्या खिशात डब्याचेही पैसे मोजून होते, त्याने ही वाट किती वेळा तुडवली असेल?

त्या घरात मला एक मुलगा भेटला, नांदेडकडचा. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला. मला म्हणाला, "काका, एकटेच आलात?" मी म्हटलं, "तू कुणाबरोबर आलास?" तो हसला. आम्ही दोघांनी मिळून तिथल्या वहीत लिहिलं. मी गावाच्या पुढे जुनी सांगवी, पुणे २७ असं लिहिलं. वहीत मागची पानं चाळली तर सोलापूर, नागपूर, अकोला, लातूर. सांगवी दिसली नाही, म्हणून जरा ठळक लिहिलं.

आता गडबड झाली तो दिवस. एका संध्याकाळी परतताना भुयारी गाडी मधल्याच एका स्टेशनवर थांबली. काही तरी घोषणा झाली, मला त्यातलं 'सॉरी' तेवढं कळलं. सगळे उतरले, मीही उतरलो. सरकत्या जिन्याने सगळ्यांबरोबर वर आलो. वर आल्यावर पाहिलं तर फोन बंद. बॅटरी संपलेली. सहा वाजून गेलेले, गर्दी अशी की आपला शिवाजीनगर स्टँड बरा. आणि मी कुठे आहे ते मला माहीत नाही.

घाबरलो का? हो, दोन मिनिटं छाती धडधडली. मग कोपऱ्यावर एक उंच पाटी दिसली. लंडनभर या पाट्या आहेत, पायी चालणाऱ्यांसाठी. त्यांची एक गंमत आहे. आपल्याकडे नकाशात उत्तर नेहमी वर असते. या पाटीवर तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा वर असते. म्हणजे डावीकडे जे दिसतंय ते नकाशातही डावीकडेच. आणि भोवती एक वर्तुळ काढलेलं असतं, पाच मिनिटांत चालत कुठवर जाल ते दाखवणारं. ज्याने हे केलं त्याला माझ्यासारखा म्हातारा डोळ्यांसमोर असणार. नकाशात खाली यूस्टन रोड दिसला. यूस्टन म्हटलं की अठरा नंबर! मग काय, दक्षिण कुठली, उत्तर कुठली, काही विचार न करता पाठमोरा वळलो आणि चालायला लागलो.

वाटेत एका दुकानदाराला खात्री करून घेण्यासाठी विचारलं. चेहऱ्यावरून आपल्याकडचा वाटला म्हणून हिंदीत विचारलं. तो बांगलादेशी निघाला. दुकान सोडून बाहेर आला, "चाचा, सीधा जाना, फिर स्टॉप का लेटर देखना," म्हणाला. तिथे एका चौकात सात-आठ स्टॉप असतात आणि प्रत्येकाला ए, बी, सी अशी अक्षरं असतात. कुठल्या अक्षरावर कुठली बस, त्याचा तक्ता खांबावर. तक्ता मशीनवरच्या चार्टसारखा वाचला, अक्षर शोधलं, आणि दहाव्या मिनिटाला ती लाल दुमजली बस आली. कपाळावर १८. इतका आनंद मला पहिल्या बोनसला झाला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, जुलै असल्याने बाहेर चक्क ऊन. लेक दारातच उभी. रडलेली होती. ओरडेल असं वाटलं, पण ओरडली नाही. आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "कसे आलात?" मी सगळं सांगितलं, पाटी, वर्तुळ, चाचा, स्टॉपचं अक्षर. जावईबापू ऐकत होते. ते म्हणाले, "त्या स्टेशनवरून मला फोनशिवाय नसतं येता आलं." दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक पॉवर बँक ठेवलेली होती, आणि खाली चिठ्ठी: येताना दूध आणि कोथिंबीर आणा.

त्या चिठ्ठीनंतर मी सुटलोच म्हणायला हरकत नाही. ग्रिनिचला गेलो. तिथे जायच्या दोन-चार वाटा आहेत, पण मी सांगतो तीच घ्या. कॅनरी वॉर्फहून डीएलआर नावाची छोटी गाडी मिळते. तिला ड्रायव्हरची केबिनच नाही, त्यामुळे पुढच्या काचेशी बसायला मिळतं, लहान मुलांशी भांडून का होईना. आयलंड गार्डन्सला उतरायचं आणि तिथून टेम्स नदीच्या खालून चालत पलीकडे जायचं. हा पायी बोगदा १९०२ साली बांधला, ३७० मीटर लांब, आतून पांढऱ्या टाइल्स. कशासाठी बांधला? दक्षिणेला राहणाऱ्या कामगारांना पलीकडच्या गोद्यांमध्ये कामावर जायला. आज फुकट, तेव्हाही कामगारांसाठीच. आत गार, ओलसर, पावलांचा आवाज घुमतो. मधोमध उभा राहिलो. डोक्यावरून जहाजं जात होती. पहाटेच्या पाळीला डबा घेऊन खाली उतरणारी माणसं दिसायला लागली मला तिथे. नदी ओलांडून कामावर जाणं म्हणजे काय, हे दोन नद्यांच्या बेचक्यात राहणाऱ्या सांगवीकरांना समजावून सांगायची गरज नाही.

पलीकडे टेकडीवर वेधशाळा. जगाचं शून्य रेखांश तिथून जातं, १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं. रेषेवर दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढायला अंगणात तिकीट आहे आणि रांगही आहे. पण बाहेर खालच्या पायवाटेवर, भिंतीवर तीच रेषा फुकट आखलेली आहे. पुणेकरांनी नोंद घ्यावी. फाटकाशी १८५२ सालचं चोवीस तासांचं घड्याळ आणि त्याच्याजवळ पुन्हा भिंतीत यार्ड आणि फूट! छतावर एक लाल गोळा आहे. १८३३ पासून रोज दुपारी एकला तो खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी तो बघून घड्याळं लावायची. एक वाजायला पाच मिनिटं असताना, म्हणजे १२.५५ ला तो अर्ध्यावर चढतो, १२.५८ ला टोकावर, आणि बरोबर एकला खाली. मी माझ्या एचएमटीचं बटण ओढून तयार उभा होतो. गोळा पडला, बटण दाबलं.

तिथे आणखी एक भानगड कळली. फोनवरचं शून्य रेखांश त्या रेषेवर येतच नाही. ते शंभरेक मीटर पूर्वेला, बागेत येतं. जुनी रेषा दुर्बिणीने आकाशातले तारे बघून ठरवली, आताची उपग्रहांवरून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. टूलरूमवाल्यांनो, डेटम बदलला की माप बदलतं, बस. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरतात, सांगवी त्याच्या बरीच पश्चिमेला. हिशोब केला तर आपल्या डोक्यावरचा सूर्य आपल्या घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. बी विंगमध्ये दुपारी साडेबाराला का पूर्ण मध्यान्ह वाटते त्याचं उत्तर मला ग्रिनिचला मिळालं.

सायन्स म्युझियमला एका शनिवारी नातीला घेऊन गेलो, तेवढं एकट्याने नव्हे. मॉडस्लीचा १८०० सालच्या सुमाराचा आटे पाडायचा लेथ दाखवला. त्याच्या आधी स्क्रू आणि नट जोडीनेच करायचे, एकाचा नट दुसऱ्याला बसायचा नाही. त्याच मॉडस्लीच्या हाताखाली व्हिटवर्थ काम करून गेला आणि त्याने १८४१ ला ५५ अंशांचा ठरावीक आटा दिला. भोसरीत कुठल्याही जुन्या शॉपमध्ये जा, व्हिटवर्थचा टॅप कपाटात सापडेल. शेजारच्या दालनात १७८८ चं वाफेचं इंजिन, एका कारखान्यात त्रेचाळीस पॉलिशिंगच्या मशीन सत्तर वर्षं चालवलेलं. नातीला विचारलं, आवडलं का? म्हणाली, "आजोबा, यू टॉक लाइक यू मेड इट." आता यावर काय बोलणार!

काही व्यवहाराच्या गोष्टी, या कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्या वयाला पहिली काळजी असते बाथरूमची. तिथली मोठी म्युझियम फुकट आहेत, ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम. आत स्वच्छ सोय असते, बसायला बाक असतात, पाणी मिळतं. मोठ्या रेल्वे स्टेशनवरही २०१९ पासून पैसे घेत नाहीत. तेव्हा रस्ता ठरवताना मी आधी म्युझियम कुठे आहे ते बघायचो, मग बाकीचं. महिला मंडळाने हे जास्त नीट ऐकलेलं दिसतंय! खिशात कागदाची चिठ्ठी ठेवा, पत्ता, लेकीचा नंबर, गोळ्यांची नावं. फोन मरतो, कागद मरत नाही. सकाळी साडेनऊनंतर निघा, रेल्वेचं भाडं कमी पडतं आणि धक्के कमी लागतात. विम्याशिवाय घरातून पाऊल टाकू नका. आणि बघायच्या जागांची यादी मुलांकडून घेऊ नका. स्वतःची करा. ज्या बाईने आयुष्यभर शिवणकाम केलंय तिने व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियमला जाऊन कपडे बघावेत. ज्याने पोस्टात नोकरी केली त्याच्यासाठी तिथे पोस्टाचं म्युझियम आहे, जमिनीखालून टपाल नेणारी छोटी रेल्वे आहे, तीत बसूनही फिरता येतं. माझ्याबरोबर टूरला आलेला असता तर कुठला गाइड मला यार्ड दाखवणार होता?

ऑगस्टच्या शेवटी निघायच्या आदल्या रात्री लेक बॅग भरत होती. मी मुद्दाम विचारलं, "मग बंगळूरचं काय ठरलं तुमचं?" ती बराच वेळ साड्यांच्या घड्या करत राहिली. साड्या काकूंच्या, आठवण म्हणून तिच्यासाठी नेलेल्या, आणि त्यातल्या दोन ती परत पाठवत होती, मावशीसाठी. मग म्हणाली, "दादाशी मी बोलते." नंतर काय बोलली ते मला माहीत नाही. दिवाळीला मुलगा आला, आठ दिवस राहिला, गॅलरीची जाळी बदलून घेतली, बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. दांडा दोन मिलिमीटर तिरका बसलाय, पण मी काही बोललो नाही. भाडेकरूचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

दूध झालंय असं खुणेने सांगतायत. एकच राहिलं. लंडनच्या बस-रेल्वेचं माझं ऑयस्टर कार्ड, निळं, मी आपल्या वाचनालयाच्या कपाटात 'माझं लंडन'च्या पहिल्या पानात ठेवलंय. त्यावर कुणाचं नाव नाही, कुणीही वापरू शकतं, आणि त्यातले पैसे बुडत नाहीत. तीन पौंड चाळीस पेन्स शिल्लक आहेत. डिसेंबरमध्ये सी विंगमधल्या जोशीबुवांसारखं कुणी निघणार असेल तर वहीत सही करून न्यावं. परत आणून ठेवताना अठरा नंबरच्या एका खेपेपुरते तरी पैसे त्यात राहू द्यावेत.